हरित हायड्रोजनमध्ये नोकरी: आधी गळतीशी ओळख करून घ्या

मूळ प्रश्न थोडक्यात असा आहे: "मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. चार वर्षं एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हरित हायड्रोजनमध्ये जावं असं वाटतं. तिथे नेमकी कामं काय असतात? वेगळा कोर्स करावा लागेल का? हे क्षेत्र टिकेल का? घरचे म्हणतात, तो गॅस स्फोटक आहे, त्या वाटेला जाऊ नकोस. खरंच इतका धोका आहे का?"

मी या गॅसबरोबर २२ वर्षं काम करतो आहे. सुरुवातीची वर्षं कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात, सेल हाउसवर गेली. तिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिकसोबत हायड्रोजनही निघतोच. नंतर इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राच्या, कमिशनिंगमध्ये (प्लांट पहिल्यांदा तपासून चालू करण्याच्या कामात) आलो आणि इथेच रमलो. ही वीज सूर्याची, वाऱ्याची असली की त्या हायड्रोजनला हरित म्हणतात. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण धोक्याचं नीट कळलं की कामं कोणती आणि शिकायचं काय हे त्यातूनच निघतं.

धोका आहे. ज्याला तो वाटत नाही, त्याच्या शेजारी उभं राहून मी पाइपचा फ्लँज (बोल्टने आवळलेला जोड) उघडणार नाही. पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक हिंडेनबर्गचं चित्र असतं: ६ मे १९३७, लेकहर्स्ट, आकाशात पेटलेलं ते अवाढव्य हवाई जहाज. त्यांना हेही सांगा की त्यात असलेल्या ९७ जणांपैकी ६२ जण वाचले. आणि हायड्रोजन ही काही काल आलेली गोष्ट नाही. जगात दरवर्षी ९ कोटी टनांहून जास्त हायड्रोजन वापरला जातो. त्यातला बराचसा तेल शुद्धीकरणात आणि अमोनिया तयार करायला जातो, आणि तो हाताळणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे नोकरी करून निवृत्त होत आली आहेत. नवीन आहे ते वेगळंच. त्याच्याकडे खाली येतो.

आधी गॅसचा स्वभाव. हवेत ४ टक्के झाला की तो पेटू शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटत राहतो. मिथेनची हीच मर्यादा साधारण ५ ते १५ टक्के आहे. म्हणजे मिथेन जास्त झाला तर मिश्रण पेटण्याच्या पलीकडे जातं, ती सवलत हायड्रोजनमध्ये जवळजवळ नाही. पेटायला लागणारी ऊर्जा मिथेनच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकी, ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास. दाराच्या मुठीला हात लावताना जो बारीक चटका बसतो, त्या ठिणगीत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. म्हणूनच "ठिणगी कुठून आली" हा प्रश्न अपघातानंतरच्या चौकशीत बऱ्याचदा अनुत्तरित राहतो, आणि आम्ही ठिणगी टाळण्यावर फार भिस्त ठेवत नाही. अर्थिंग करतो, अंगावर अँटिस्टॅटिक कपडे घालतो, पण मनात धरून चालतो की गॅस जमला तर तो पेटणारच. सगळा जोर गॅस बाहेर येऊ न देण्यावर, आणि आलाच तर साचू न देण्यावर.

साचू न देण्याच्या बाबतीत मात्र हा गॅस आपल्याला मदत करतो. हवेपेक्षा १४ पट हलका असल्यामुळे मोकळ्या जागेत तो भराभर वर जातो. एलपीजी गटारात, खड्ड्यात उतरून बसतो. हायड्रोजन वर पळतो. त्यामुळे आमच्या प्लांटमध्ये जमिनीपेक्षा छताकडे जास्त बघावं लागतं. तुळयांच्या मधली खोबण, केबल ट्रेच्या वरचा बंद कोपरा, पावसासाठी कुणीतरी नंतर ठोकलेला पत्रा. एका साइटवर ऑपरेटरना ऊन लागतं म्हणून मॅनिफोल्डच्या (अनेक नळ्या एकत्र जोडणाऱ्या पाइपच्या) वर चांगल्या मनाने शेड घातली होती, आणि तिन्ही बाजूंनी पत्रा खाली वळवला होता. गॅस अडकवायला इतकी नेमकी जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमली नसती. आम्ही आधी तो पत्रा काढला, मगच लाइनमध्ये गॅस घेतला.

ज्योतीचं मात्र नीट ऐका. सेल हाउसवर मला जेमतेम वर्ष झालं होतं. भर दुपारी व्हेंटकडून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीकडून, बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी वर चढायला निघालो तर शिफ्ट इनचार्जने खांद्याला धरून थांबवलं. त्यांनी एक लांब बांबू घेतला, टोकाला केरसुणी बांधली आणि ती पुढे धरून एकेक पाऊल टाकत गेले. मला समोर काहीच दिसत नव्हतं. उन्हात हवा थोडी थरथरत होती, एवढंच. आणि मग रिकाम्या हवेत, कशालाही न टेकता, केरसुणीचं टोक पेटलं. हायड्रोजनची स्वच्छ ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि तिच्यातून उष्णतेचं प्रारणही कमी निघतं, त्यामुळे जवळ जाईपर्यंत चटकाही जाणवत नाही. आता आमच्याकडे ज्वाला ओळखणारे कॅमेरे आणि अतिनील-अवरक्त डिटेक्टर असतात. पण "दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे" हे मी त्या दुपारी शिकलो, ते आजतागायत. आणि अशी ज्योत पेटलेली सापडली तर ती विझवायला धावायचं नाही. लांबून व्हॉल्व्ह बंद करून गॅस तोडायचा, आजूबाजूचं पाण्याने थंड ठेवायचं. ज्योत विझली आणि गळती चालूच राहिली तर तो गॅस जमून स्फोट होतो, आणि तो आगीपेक्षा वाईट.

आता तुमच्या कामाकडे येतो. चार वर्षं मेंटेनन्स म्हणजे तुमच्याकडे या क्षेत्राला लागणारं निम्मं कसब आहे. पण काही सवयी सोडाव्या लागतील, आणि त्या सोडणं नवीन शिकण्यापेक्षा अवघड जातं.

पहिली सवय: "थोडं पाझरतंय, चालू दे, शटडाउनला बघू." पाण्याच्या, वाफेच्या, अगदी आम्लाच्या लाइनवरही हे बऱ्याच ठिकाणी चालतं. हायड्रोजनवर चालत नाही. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत, ऑस्लोजवळ सँडविका इथे गाड्यांमध्ये हायड्रोजन भरण्याच्या स्टेशनवर स्फोट झाला. कुणी दगावलं नाही, पण दाबाच्या लाटेने जवळच्या गाडीतल्या एअरबॅग उघडल्या आणि आतल्यांना इजा झाली. चौकशीत जे निघालं ते प्रत्येक फिटरने पाठ करावं असं आहे. उच्च दाबाच्या टाकीच्या तोंडावरच्या प्लगचे आतले बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळलेले नव्हते. आधी बारीक गळती सुरू झाली, तिच्यामुळे नको त्या जागी दाब चढला, सील निसटलं आणि मग एकदम मोठी गळती. डिझाइन चुकलेलं नव्हतं, धातू खराब नव्हता. जुळणीच्या वेळी काही बोल्ट कमी आवळले गेले होते. या एका घटनेनंतर काही कार कंपन्यांनी त्या देशातली हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबवली होती. बोल्ट आवळणाऱ्या हाताचं मोल किती असतं, ते यावरून लक्षात घ्या.

दुसरी सवय: अंदाजाने आवळणे. दुहेरी फेरूलची (नळीवर आवळल्या जाणाऱ्या दोन कड्यांची) ट्यूब फिटिंग तुम्ही शेकड्याने लावली असतील. पाव इंच किंवा त्याहून मोठ्या ट्यूबला पद्धत अशी: ट्यूब तळाला टेकेपर्यंत आत घालायची, नट बोटांनी घट्ट करायचा, नटावर आणि बॉडीवर मार्करने रेघ मारायची, मग बॉडी एका पान्याने धरून नट सव्वा फेरा फिरवायचा. नंतर नट आणि बॉडीच्या फटीत गेज घालून बघायचा. गेज आत गेला तर अजून आवळायला हवं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. पण साठ फिटिंगनंतर, संध्याकाळ झाल्यावर, गेज खिशातच राहतो. कमिशनिंगला मला सापडलेल्या गळत्यांपैकी बहुतेक अशाच निघाल्या: गेज न लावलेलं फिटिंग, एका कंपनीची फेरूल दुसऱ्या कंपनीच्या नटात, किंवा ट्यूब कापल्यावर आतली कडा साफ न केलेली. आणि गळती सापडली की लाइन दाबाखाली असताना "जरा अर्धा फेरा देतो" हे कधीही करायचं नाही. दाब उतरवा, नायट्रोजन मारा, मग पाना लावा.

तिसरी गोष्ट सवयीपेक्षा गैरसमजाची आहे. बोल्ट सापडला नाही तर स्टोअरमधून जास्त ताकदीचा बोल्ट आणून लावणं आपल्याला सुरक्षित वाटतं. हायड्रोजनच्या संपर्कात नेमकं उलट होऊ शकतं. हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात, आणि पोलाद जितकं कडक, जितक्या जास्त ताकदीचं, तितकं ते याला जास्त बळी पडतं. म्हणून ३१६ प्रकारचं स्टेनलेस स्टील किंवा कमी ताकदीचं कार्बन स्टील निवडलेलं असतं, आणि ते विचार करून निवडलेलं असतं. ड्रॉइंगवर जे लिहिलं आहे तेच लावायचं.

नैसर्गिक वायूच्या कामातून येणाऱ्यांना आणखी एक सांगतो. तिथे गळतीच्या जागी गारठा येतो, कधी दव धरतो, आणि वासही असतो. हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला दाबातून सुटताना गार होत नाही, किंचित गरमच होतो. इंधन सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलमध्ये, जाणाऱ्या गॅसमध्ये वासाचं रसायन घालता येत नाही, कारण ते सेल खराब करतं. आणि मिथेनसाठी वापरतात ते अवरक्त गॅस डिटेक्टर हायड्रोजनला आंधळे असतात. नाक, डोळे आणि ओळखीचं उपकरण, तिन्हींचा उपयोग नाही. उरतात कॅटॅलिटिक, इलेक्ट्रोकेमिकल किंवा उष्णता-वहनावर चालणारे सेन्सर, अल्ट्रासॉनिक कान आणि साबणाचं पाणी.

त्या सेन्सरवरून एक आठवण. एका कंप्रेसर खोलीत वरचा डिटेक्टर महिनोन् महिने शून्य दाखवत होता. सगळे खूश. मी टेस्ट गॅसची बाटली मागवली, शिडीवर चढून सेन्सरवर गॅस सोडला. खाली पॅनलवरचा माणूस ओरडला, "शून्यच आहे." पुन्हा सोडला, तरी शून्य. सेन्सर मेलेला होता. मागे जाऊन शोधलं तेव्हा कळलं की पावसाळ्याआधी छताच्या फटी सिलिकोन सीलंटने भरल्या होत्या. सिलिकोनच्या वाफा कॅटॅलिटिक सेन्सरला विषासारख्या असतात, तो कायमचा बधिर होतो. छत भरणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून शून्य दिसलं की मी आधी विचारतो, शेवटचा टेस्ट गॅस कधी दिला होता?

नायट्रोजनबद्दल दोन शब्द, कारण नवीन माणसं सगळी भीती हायड्रोजनसाठी राखून ठेवतात. लाइन उघडण्याआधी हायड्रोजन बाहेर काढायला आणि चालू करण्याआधी हवा बाहेर काढायला आम्ही नायट्रोजन वापरतो. म्हणजे प्लांटवर तो भरपूर असतो. बंद टाकीत, पिटमध्ये, कंटेनरमध्ये त्याने ऑक्सिजन ढकलला की माणसाला गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. मग बाहेरचा सोबती त्याला ओढायला आत जातो आणि तोही पडतो. हे अनेक उद्योगांत, अनेकदा घडलं आहे. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आत डोकंही घालायचं नाही, आणि सोबती पडला तर श्वसन उपकरणाशिवाय त्याच्या मागे जायचं नाही. दुसरा नियम पाळताना काळजाचं पाणी होतं, तरी पाळायचा.

आता त्या "नवीन" धोक्याकडे. हरित हायड्रोजनमधला खरा फरक हा आहे, आणि मला वाटतं इथेच पुढच्या काळात चांगल्या माणसांची सगळ्यात जास्त गरज लागेल.

इलेक्ट्रोलायझरमध्ये पाणी फुटतं. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, मध्ये पडदा. प्रत्येक किलो हायड्रोजनमागे ८ किलो ऑक्सिजन निघतो. पडदा पूर्ण अभेद्य नसतो, थोडा हायड्रोजन पलीकडे झिरपतोच, आणि थोडा ऑक्सिजन अलीकडे. वीज पूर्ण असते तेव्हा ऑक्सिजन इतका निघतो की झिरपलेल्या हायड्रोजनचं प्रमाण नगण्य राहतं. पण ढग आला, वारा पडला आणि वीज एक पंचमांशावर आली, की ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. झिरपणं मात्र दाबावर अवलंबून असतं, ते फारसं कमी होत नाही. म्हणजे तेवढाच हायड्रोजन आता थोड्या ऑक्सिजनमध्ये. अल्कलाइन प्रकारच्या यंत्रात दोन्ही बाजूंचं पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) द्रावण एकत्र फिरवत असतील तर द्रावणात विरघळलेला गॅसही इकडचा तिकडे जातो आणि भर घालतो. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन २ टक्क्यांच्या आसपास गेला की यंत्र ट्रिप व्हायला हवं, कारण पेटण्याची मर्यादा ४ च्या जवळ आहे. म्हणून प्रत्येक यंत्राला "याच्याखाली चालवू नका" अशी किमान लोडची रेषा असते.

जुने मोठे इलेक्ट्रोलायझर धरणाच्या विजेवर रात्रंदिवस एकसारखे चालायचे. आता त्यांना सूर्याच्या तालावर चालवायचं आहे. नफ्याचं गणित म्हणतं, कमी लोडवरही चालू ठेवा, पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. गॅसचं गणित म्हणतं, थांबा. या ओढाताणीत काय होऊ शकतं ते २३ मे २०१९ रोजी दक्षिण कोरियात गांगनुंग इथे दिसलं. सौर विजेवरच्या एका संशोधन प्रकल्पात हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. २ जणांचा जीव गेला, ६ जखमी झाले. हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन स्फोटाच्या मर्यादेपलीकडे साठला होता. यंत्र किमान लोडच्या खाली चालवलं जात होतं, आणि ऑक्सिजन काढून टाकणारं उपकरण तिथे बसवलेलं नव्हतं. टाकी बंद, गळती नाही, बाहेरचे सगळे डिटेक्टर गप्प. धोका पाइपच्या आत तयार होत होता.

म्हणून माझं ठाम मत आहे की इलेक्ट्रोलायझर प्लांटवर सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे पाइपमधल्या गॅसचं मिश्रण मोजणारा गॅस अॅनलायझर, आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे त्याची निगा राखणारा इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. सॅम्पल लाइनमध्ये पाणी साठलं, फ्लो कमी झाला, की अॅनलायझर मागचाच आकडा दाखवत बसतो. रोज सकाळी सॅम्पलचा फ्लो बघणारा, ड्रेन उघडून दोन थेंब काढणारा माणूस कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. पण तोच प्लांट सांभाळतो.

कामं कोणती, याचं उत्तर आता सोपं होतं. वर सांगितलेला इन्स्ट्रुमेंटचा माणूस, आणि त्याच्या वरच्या पायरीवर सुरक्षा इंटरलॉकचं (धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेचं) डिझाइन करणारा फंक्शनल सेफ्टी इंजिनिअर. इलेक्ट्रिकलच्या लोकांना रेक्टिफायर (एसीची डीसी करणारं यंत्र) आणि ट्रान्सफॉर्मर. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणजे हा प्लांट अर्धा वीजकेंद्रच असतो. डीसी करंट हजारो अँपिअरमध्ये, आणि वीज तोडल्यावरही स्टॅक, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमधला सेलचा एकत्र आवळलेला गठ्ठा, काही वेळ बॅटरीसारखा भारलेला राहतो. ब्रेकर पाडला म्हणून स्टॅकवर पाना ठेवायचा नाही, व्होल्टेज मोजूनच हात लावायचा. पाण्याच्या शुद्धीकरणातली माणसं या क्षेत्राचा विचारच करत नाहीत, आणि तिथे त्यांची वानवा आहे. रासायनिक हिशेबाने किलोमागे ९ लिटर पाणी लागतं, पण पीईएम प्रकारच्या, म्हणजे पोटॅशऐवजी पॉलिमरच्या पडद्यावर चालणाऱ्या, यंत्राला ते इतकं शुद्ध हवं की वाहकता सेंटिमीटरला १ मायक्रोसीमेन्सच्याही खाली राहावी. पाणी बिघडलं की महागडा पडदा गेला. शिवाय वेल्डर, पाइपिंग इन्स्पेक्टर, पॅनल ऑपरेटर, हॅझॉप (प्लांटमध्ये काय काय चुकू शकतं याची पद्धतशीर छाननी) करणारे प्रोसेस सेफ्टीचे लोक, स्टॅक जुळणीच्या कारखान्यातले कारागीर.

तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कंप्रेसर आणि उच्च दाबाच्या पाइपिंगचं काम. इलेक्ट्रोलायझरमधून गॅस साधारण ३० बारपर्यंतच्या दाबाने निघतो. बसला ३५० आणि कारला ७०० बारची टाकी असते. मधली सगळी चढण कंप्रेसरची. डायफ्रॅम कंप्रेसरमध्ये तेल आणि गॅस यांच्यामध्ये धातूची तीन पातळ पानं असतात. एक फाटलं तर मधल्या पानातल्या चरांतून गळती बाहेर येऊन स्विच ओरडतो. ही पानं बदलणं हे घड्याळजीचं काम आहे. बसण्याच्या पृष्ठभागावर केसाएवढा कण राहिला तरी नवं पान काही दिवसांत जातं. असं काम शांतपणे करणारे हात फार थोडे आहेत, आणि माझ्या अनुभवात असा माणूस एकदा तयार झाला की त्याला कामाची ददात पडत नाही.

अल्कलाइन प्लांटवर गेलात तर पोटॅशशीही गाठ पडेल: साधारण ३० टक्क्यांचं द्रावण, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास. कातडीला लागलं की आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, कळ नंतर येते, म्हणून लोक उशिरा धुतात. डोळ्यात गेलं तर क्षणही न घालवता किमान १५ मिनिटं पाण्याखाली डोळा उघडा धरायचा. नवीन साइटवर पहिल्या दिवशी मी आपत्कालीन शॉवर स्वतः ओढून बघतो. पाणी आलं तर पुढचं बोलतो. आणि ऑक्सिजनच्या बाजूला तेल, ग्रीस काही नको. तुमच्या नेहमीच्या हातमोज्यांना लागलेलं ग्रीससुद्धा तिथे इंधन आहे.

कोर्सबद्दल. आठवडाभराचं "हायड्रोजन तज्ज्ञ" प्रमाणपत्र पाहून मी कुणाला घेतलेलं नाही. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्याचंच खोल प्रमाणपत्र घ्या: वेल्डिंग तपासणी, उच्च दाबाची फिटिंग, किंवा स्फोटक वातावरणातल्या उपकरणांसाठी आयईसीईएक्स या आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्थेचं वैयक्तिक क्षमतेचं प्रमाणपत्र. हायड्रोजन तिथे सगळ्यात कडक गटात, म्हणजे आयआयसी गटात येतो, हे लक्षात ठेवा. साध्या गटाचा पंखा किंवा दिवा तिथे बसवता येत नाही. वाचायचं असेल तर अमेरिकेतली एनएफपीए २ ही संहिता, इलेक्ट्रोलायझरसाठी आयएसओ २२७३४, हायड्रोजन पाइपिंगसाठी एएसएमई बी३१.१२. सगळं एकदम समजणार नाही, तुमच्या कामापुरतं उघडा. आणि अपघातांच्या नोंदी वाचा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राकडे एचआयएडी नावाचा संग्रह आहे, अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेनेही अशा धड्यांचा साठा खुला ठेवला आहे. रोज एक वाचा आणि स्वतःला विचारा, हे माझ्या पाळीत झालं असतं तर मला कधी कळलं असतं?

टिकेल का? मोकळेपणाने सांगतो. या क्षेत्रात घोषणा खूप झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच कागदावरच राहिल्या. मोठमोठे प्रकल्प पुढे ढकलले गेले, काही रद्द झाले. जगातल्या एकूण हायड्रोजनमध्ये स्वच्छ मार्गाने तयार होणारा हिस्सा अजून अगदी छोटा आहे. गाड्यांपेक्षा खत, पोलाद, शुद्धीकरण आणि जहाजांचं इंधन इथे त्याला आधी जागा मिळेल असं मला वाटतं. आणि त्यातला बराच हायड्रोजन अमोनियाच्या रूपात फिरेल, म्हणजे अमोनियाची विषारी बाजूही शिकून ठेवा. "हायड्रोजन" या शब्दावर नोकरी बेतू नका. कंप्रेसर, अॅनलायझर, इंटरलॉक येणारा माणूस प्रकल्प थांबला तरी शुद्धीकरण कारखान्यात, खत कारखान्यात, औद्योगिक वायूंच्या प्लांटवर उभा राहतो.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. गॅस डिटेक्टरला टेस्ट गॅस किती दिवसांनी देता? किमान लोडच्या खाली गेल्यावर यंत्र आपोआप थांबतं, की ऑपरेटरने ठरवायचं? टॉर्कच्या नोंदी कोण ठेवतं, आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घेता का? परमिट (कामाचा लेखी परवाना) थांबवण्याचा अधिकार फिटरला आहे का? शेवटी बायपासची वही बघायला मागा, म्हणजे कोणता इंटरलॉक कधी, कुणाच्या सहीने, किती वेळासाठी बाजूला ठेवला त्याची नोंद. वही नाहीच असं म्हणाले, किंवा "आमच्याकडे कधी बायपास होतच नाही" असं म्हणाले, तर आभार मानून परत या. वही समोर ठेवली, आणि तिच्यात वेळ, सही आणि इंटरलॉक पुन्हा चालू केल्याची नोंद ओळीने दिसली, तर पगाराचं बोलणं पुढे न्या.